समलिंगी गोष्ट लिहायला बसताय? सोलापूरच्या गटाकडून थोडं

आमचा गट आठ-नऊ जणांचा. निम्मे सोलापुरात, दोघं नोकरीपायी पुण्यात, एक बार्शीचा, एक ताई पंढरपूरच्या. समलिंगी माणसांच्या गोष्टी आम्ही मराठीत लिहितो, फोनवर एकमेकांना पाठवतो, वाचतो आणि त्यावर बोलतो. दोन-तीन महिन्यांतून ज्यांना जमेल ते कुणाच्या तरी गच्चीवर भेटतात. दर खेपेला कुणीतरी नवा येतो आणि मी आलो तेव्हा विचारले होते तेच प्रश्न विचारतो. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

माझी पहिली गोष्ट मी ओळखीच्या चौघांना वाचायला दिली होती. तेव्हा हा गट नव्हता. पहिल्यानं कळवलं, "खूप धाडसी लेखन." दुसऱ्यानं, "विषय धाडसी आहे, पण छान हाताळलात." तिसऱ्यानं हळूच विचारलं, "हे तुमचंच आहे का?" चौथ्यानं काहीच कळवलं नाही, बहुतेक तो घाबरला. त्या गोष्टीत आईचं एक पात्र होतं. ते मला जमलेलं नाही हे मला आतून कळत होतं, फक्त कुठं बिघडलंय ते सापडत नव्हतं. आईबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सगळ्यांनी माझी छाती मोजली, गोष्ट कुणी वाचलीच नाही.

आता आमच्याकडे "धाडसी" म्हटलं की दहा रुपये दंड. बरणीत जमतात, त्याची भजी येतात.

१. आधी सामान जमवा

फार काही लागत नाही. टोपणनाव, त्या नावाचा वेगळा ईमेल, फोनवर मराठी युनिकोड कीबोर्ड, फाइलला पासवर्ड आणि इयरफोन. इयरफोन अशासाठी की फोन तुमचीच गोष्ट तुम्हाला वाचून दाखवतो. यंत्राच्या सपाट आवाजात ऐकलं की कुठलं वाक्य खोटं आहे ते लगेच कळतं. गटात यायला कुठलंही कागदपत्र लागत नाही, कुणी मागितलं तर तो आमचा गट नाही.

टोपणनाव घेताना आडनावाचा मोह टाळा. सोलापुरात आडनाव सांगितलं की माणूस कुठल्या पेठेतला, घरी तेलुगू बोलतात की कन्नड, एवढं समोरचा पाच मिनिटांत काढतो.

आता सापळे. यातला पहिला माझ्यावरच बेतला होता. गोष्ट मी टॉवेलच्या एका कारखान्याच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, तिथल्याच कॉम्प्युटरवर टाइप केली. टोपणनाव झकास होतं, ईमेल नवा होता. गटातल्या एकानं फाइल उघडून तिची माहिती बघितली आणि मला फोन केला, "अरे, लेखकाच्या रकान्यात तुझ्या कारखान्याचं नाव आहे बे." त्या कॉम्प्युटरवरच्या वर्डमध्ये जे नाव घातलेलं असतं, ते वर्डची फाइल आपणहून पोटात घेते. तेव्हा पाठवण्याआधी फाइलची माहिती उघडून लेखकाचं नाव पुसा. त्याच कॉम्प्युटरवर मजकूर नव्या फाइलमध्ये चिकटवून भागत नाही, तेच नाव तिच्यातही येतं.

बाकीचे सापळे पटापट सांगतो. गूगल डॉक शेअर केलं की तुमच्या खात्याचं नाव आणि फोटो समोरच्याला दिसतो. व्हॉट्सअॅपच्या खात्याचा नुसता नंबर बदलला तर फोटो जुनाच राहतो. आणि घरातल्या सगळ्यांचा मिळून एकच टॅब असेल, तर त्यावर हे खातं उघडूच नका. "नंतर बंद करतो" म्हणणाऱ्याचं खातं भाचीच्या हाती लागतं.

२. माणूस बदला, गाव राहू द्या

नवा लेखक नेमकं उलटं करतो. पात्र ओळखू येईल या भीतीनं गोष्ट मुंबईत नेतो. मुंबई त्यानं दोनदा पाहिलेली असते. मग गोष्टीत समुद्र येतो, लोकल येते, पाऊस येतो, आणि आतला माणूस मात्र कडक भाकरी खाऊन वाढलेला असतो. हे वाचताना खटकतं.

गाव राहू द्या. माणसाचा धंदा बदला, भावंडं बदला, वय पाच वर्षांनी मागंपुढं करा, घर दुसऱ्या पेठेत न्या. ज्याच्यावरून पात्र सुचलं त्याच्या तीन ठळक खुणा कागदावर लिहा आणि तिन्ही गोष्टीतून काढा. तो लंगडत असेल तर लंगडणं ठेवू नका, ते कितीही सुंदर जमलं असलं तरी. तुमच्या सुंदर परिच्छेदासाठी कुणाच्या घरी भांडण होता कामा नये.

गाव राहू द्या म्हटलं तरी एक अपवाद आहे. माणसं खरोखर जिथं भेटतात त्या जागा पत्त्यासकट लिहू नका. आपल्या गोष्टी पैसे उकळणारेही वाचू शकतात. किल्ल्याची बाग म्हणा, तलावाचा काठ म्हणा, नेमकं कुठलं दार आणि किती वाजता ते मनातच राहू द्या.

३. दोघं एकटे कुठं भेटले ते सांगा

सोलापुरातल्या गोष्टीचा कणा हा आहे असं माझं मत आहे. गटातल्या सगळ्यांना ते पटत नाही.

इथं दोन पुरुष खांद्यावर हात टाकून नवी पेठेतून गेले तर कुणी मान वळवून बघत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर दोन मित्र एका पांघरुणात झोपले तर आई सकाळी दोघांना चहा आणून देते. नवे लेखक हे विसरतात आणि परदेशी मालिका बघून, हात धरला आणि अख्खा चौक थबकला, असं लिहून मोकळे होतात. आपल्याकडे जवळीक कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. डोळ्यांत भरतं ते वय. सत्ताविसावं लागलं, तीन स्थळं नाकारली, की गाव बघायला लागतं. सिद्धेश्वराच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या गर्दीत आई शेजारी उभी असते. मूठ रिकामी करता करता म्हणते, "पुढच्या वर्षी तुझ्यावर." गोष्टीतली भीती अशा ठिकाणी असते.

आणि दुसरी अडचण दाराची. आतून कडी लावता येईल अशी स्वतःची खोली किती जणांकडे आहे? कडी लावली तर "का लावली?" हा प्रश्न ठरलेला. म्हणून सोलापूरच्या गोष्टीत दोघं एकटे आले कसे, याचा हिशेब द्यावाच लागतो. "त्या रात्री आम्ही दोघंच होतो" एवढ्यानं भागत नाही. घरातले कुठं गेले? कधी येणार? शेजारी कोण? हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं चार तासांवर आहे, पण त्या गाडीला सगळी बसायचीच सोय. चार तास मांडीला मांडी लावून दोघं बसतात आणि समोरचे काका डबा उघडून शेंगा चटणी पुढं करतात. यातून गोष्ट निघते, काकांना उडवून लावून निघत नाही.

आमच्यातल्या एकानं लिहिलेल्या गोष्टीत भेट ठरलेली असते, घर रिकामं होणार असतं, आणि नेमकं पाणी सुटतं. आपल्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळं पाण्याच्या दिवशी घरातलं कुणी हलत नाही. बॅरल, घागरी, टाकी. भेट बुडते. एवढीच चार पानांची गोष्ट. आमच्याकडची मला सगळ्यांत आवडलेली ती.

एक विनंती. सोलापूर म्हणजे चादर, चादरीच्या दोन्ही बाजूंना नक्षी, फक्त रंग उलटे, म्हणून माणसाचीही दोन रूपं ही उपमा आमच्याकडे तिघांना स्वतंत्रपणे सुचून गेलेली आहे. चौथ्यानं आणू नये.

४. तोंडची भाषा आणि अंगाची भाषा

"माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं सोलापुरात कुणी कुणाला म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. नवरा-बायकोतही नाही. "जेवलास का बे?" म्हणतात. "उन्हाचं कशाला आलास?" म्हणतात. त्यातच सगळं बसवायचं. "बे" या एका अक्षरात शिवीपासून मायेपर्यंत सगळं मावतं. कुठल्या "बे"ला काय म्हणायचंय ते मागच्या-पुढच्या ओळीतून वाचकाला कळलं पाहिजे. घरी तेलुगू बोलणारं पात्र असेल तर रागात आणि झोपेत ते तेलुगूतच बोलेल. तुम्हाला तेलुगू येत नसेल तर शहराच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या मित्राला विचारा, अंदाजानं वाक्यं ठोकू नका.

शब्दांचा दुसरा प्रश्न जास्त नाजूक. निवेदनात "समलिंगी" किंवा "गे" चालतो. पण पात्राच्या तोंडी? १९८५ सालच्या यंत्रमाग कामगाराच्या तोंडी "गे" घातला की गोष्ट तिथंच पडली. त्याच्याकडे स्वतःसाठी शब्दच नव्हता, होती ती दुसऱ्यांनी दिलेली शिवी. शब्द नसणं हीच त्याची गोष्ट असू शकते. आणि तृतीयपंथी व समलिंगी या एकच नव्हेत अशा दोन गोष्टी आहेत. एकीत आपण कोण आहोत याचा प्रश्न, दुसरीत ओढ कुणाकडे याचा. नव्या लेखकांकडून हा घोळ हमखास होतो. शब्द शोधताना अडलात तर बिंदुमाधव खिरे यांचं लेखन उघडून बघा. त्यांनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीतून सातत्यानं लिहिलं.

शरीराबद्दल लिहिताना मराठी आपल्याला तीनच दारं देते: वैद्यकाच्या पुस्तकातली संस्कृत, भिंतीवरची शिवी, नाहीतर इंग्रजी. तिन्ही दारांतून माया आत येत नाही. आमचा उपाय साधा आहे: अवयवाचं नाव टाळा, त्याच्या आजूबाजूचं लिहा. हात, श्वास, घाम, गंजीचा वास, पायाला लागलेला गार कडाप्पा.

परवानगी घेऊन एक उदाहरण देतो. गटातल्या एकाचा पहिला खर्डा असा होता:

"त्याच्या स्पर्शाने माझ्या रोमारोमांत वीज सळसळली. समाजाच्या बेड्या तोडून मी त्याच्या मिठीत विसावलो."

आम्ही विचारलं, हे दोघं काम काय करतात? तो म्हणाला, यंत्रमागाच्या कारखान्यात आहेत. मग मागाजवळ नेऊन लिही, म्हटलं. तीन आठवड्यांनी हे आलं:

"माग चालू असला की शेजारच्याशी बोलायचं तर तोंड कानाला लावावं लागतं. तो तसाच वाकला. त्याच्या मिशीवर कापसाची तुसं होती, ती माझ्या कानाला लागली. 'उद्या घरी कुणी नाही, येतोस का बे?' त्यानं ओरडून विचारलं. नेमकी लाइट गेली. सगळे माग एकदम थांबले. 'येतोस का बे' तेवढं अख्ख्या शेडनं ऐकलं. कांड्या भरणाऱ्या अक्कांनी मान वर केली, 'कुठं जायलाव रे दोघं?'"

वीज दोन्हीकडे आहे. पहिलीकडे ती रोमारोमांत सळसळते, दुसरीकडे ती जाते. बाकी समजावून सांगत नाही.

५. साल ठरवा आणि त्याला चिकटून राहा

गोष्ट कुठल्या सालात घडते ते पहिल्या पानाआधी ठरवा, कारण पात्राची भीती सालाप्रमाणं बदलते. तारखा पाठ असू द्या. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं ३७७ कलम १८६० च्या कायद्यातलं. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं संमतीनं एकत्र येणाऱ्या प्रौढांना त्यातून वगळलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्याच घटनापीठानं संमतीचे संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाचा हक्क मात्र मिळाला नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहिताच गेली, भारतीय न्याय संहिता आली.

म्हणजे २०१५ सालच्या गोष्टीत कुणी "तीनशेसत्त्याहत्तर लावीन" म्हणून पैसे उकळले तर बरोबर. २०२१ च्या गोष्टीत हेच वाक्य चुकीचं. पण पैसे उकळणं थांबलेलं नाही. आता तो म्हणतो, "तुझ्या घरी सांगीन." खरं तर आधीही धाक कलमाचा कमी आणि घराचाच जास्त होता.

फोनचंही तसंच. २००३ मध्ये ओळखी सायबर कॅफेत याहूच्या चॅटरूममध्ये व्हायच्या, तासाचे पैसे देऊन, पडदा अर्धा ओढून. जिओचं स्वस्त इंटरनेट २०१६ च्या सप्टेंबरात आलं. त्याआधीचा गरीब मुलगा रात्रभर व्हिडिओ कॉल करताना दाखवू नका.

आणि एचआयव्ही. २०२० च्या गोष्टीत पात्राला लागण झाली आणि सहा महिन्यांत ते खंगून मेलं, असं अजूनही लिहून येतं. सरकारी दवाखान्यांतून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, २००४ पासून मिळू लागली, आणि सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. नियमानं गोळ्या घेणारा माणूस वर्षानुवर्षं कामधंदा करतो, म्हातारा होतो. रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला तर संबंधांतून लागणही पुढं जात नाही. हे माहीत असूनही पात्राला मारायचं असेल तर मारा, पण ते अज्ञानातून होऊ नये.

६. खड्डे

मरण. पहिल्या गोष्टीत कुणीतरी मरतंच. रेल्वे रूळ, विहीर, झोपेच्या गोळ्या. माझ्याही गोष्टीत मेलं होतं. आपल्या लोकांवर अशी वेळ येते, ते खोटं नाही. पण बहुतेक वेळा लेखकाला पुढं काय करायचं ते सुचत नाही म्हणून पात्र मरतं. तेव्हा एक प्रयोग करा: ते मेलं नाही असं धरा आणि त्याचा दुसऱ्या दिवशीचा सकाळचा चहा लिहा. कुणी केला, कुणाबरोबर प्याला? बरेचदा खरी गोष्ट तिथं सुरू होते.

बायको. नायकाचं बळजबरीनं लग्न होतं, आणि बायको म्हणजे दारात उभी असलेली एक साडी. ती संशय घेते, रडते, माहेरी जाते. तिला दुसरं काम नाही. अहो, फसवणूक तिचीही झालीय. पंढरपूरच्या ताई यावर फार कडक आहेत. बायको असलेल्या प्रत्येक गोष्टीला त्या एकच प्रश्न विचारतात, "तिला काय आवडतं?" लेखकाला उत्तर देता आलं नाही तर गोष्ट परत.

वय. इथं चर्चा नाही. अठराच्या आतल्या पात्राचा शरीरसंबंधाचा प्रसंग आम्ही घेत नाही, वाचत नाही, पुढं पाठवत नाही. दहावीतल्या मुलाला शेजारच्या बाकावरचा आवडला, जरूर लिहा, बहुतेकांचं तिथंच सुरू झालेलं असतं. पण ते आवडण्यापाशी थांबलं पाहिजे. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, आणि आयटी कायद्यात मुलांबाबतच्या अशा मजकुरासाठी ६७ब हे वेगळं कलम आहे. मोठ्यांच्या बाबतीतही उघड लैंगिक मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसिद्ध करण्यावर ६७ आणि ६७अ लागू शकतं. तेवढी जाण ठेवून लिहा.

७. गोष्ट गटाला देताना

वर चार ओळींची चिठ्ठी जोडा: किती शब्द, कितवा खर्डा, आत आत्महत्या किंवा मारहाण आहे का, आणि तुम्हाला नेमकं काय विचारायचंय. शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. "कशी वाटली सांगा" म्हणाल तर "छान" मिळेल. "दुसऱ्या प्रसंगात भाऊ एवढा का चिडतो ते कळतं का?" असं विचाराल तर उत्तर मिळेल. वाचायला दहा दिवस द्या. रात्री पाठवून सकाळी "वाचली का?" विचारू नका.

८. अभिप्राय देताना

लिहिण्याहून हे अवघड आहे, आणि नवे लोक याच्यावरच सर्वांत कमी वेळ घालवतात. दोनदा वाचा. पहिल्यांदा काही न लिहिता, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. मग तीन गोष्टी सांगा. मी कुठं वाचायचा थांबलो, म्हणजे चहाला उठलो, फोन बघितला, मागं जाऊन परत वाचलं. मला कोण डोळ्यांसमोर दिसलं आणि कोण दिसलं नाही. आणि मला काय पटलं नाही. एवढंच. "मी असतो तर शेवट असा केला असता" हे सांगू नका, तुमचा शेवट तुमच्या गोष्टीत करा.

फरक दाखवतो. आमच्याकडे आलेला एक अभिप्राय: "मन हेलावून गेलं. समाजानं बदललं पाहिजे. लिहीत राहा." लेखकाच्या हाती काय लागलं? काही नाही. त्याच गोष्टीवर दुसरा: "पान तीनवर तो मित्राच्या घरी चप्पल घालूनच आत जातो. मी तिथं अडकलो, कारण आधी त्या घरात देवघर पुढच्याच खोलीत आहे असं लिहिलंय. कुणी काही बोललं कसं नाही? मुद्दाम असेल तर मला कळलं नाही, चुकून असेल तर काढा." यात कौतुकाचा एक शब्द नाही, पण लेखक त्या दिवशी हरखून गेला होता. त्याची चप्पलसुद्धा कुणीतरी वाचली होती.

प्रश्न कधीच विचारायचा नाही तो हा: "हे तुझ्या बाबतीत घडलं का?" घडलं असेल तर तो सांगेल, त्याला वाटेल तेव्हा. गोष्ट पटली नाही तर "असं होत नाही" म्हणू नका, "मला पटलं नाही" म्हणा. कारण कधी कधी ते झालेलं असतं, समोर बसलेल्याच्याच बाबतीत, आणि मग बोलणाऱ्याला तोंड लपवायला जागा उरत नाही. माझ्यावर ही वेळ आलेली आहे.

शुद्धलेखन वेगळं, शेवटी, एकाच माणसानं. दहा जणांनी दहा ऱ्हस्व-दीर्घ काढले की गोष्टीवर बोलणं राहून जातं.

अभिप्रायाच्या आडून ओळख वाढवायची नाही. "गोष्ट फार आवडली, भेटायचं का, फोटो पाठव" असा निरोप आला तर लाजू नका, गटात सांगा. आम्ही एकाला यावरून काढलंय. त्याचे अभिप्राय चांगले असायचे, तरीही काढलं.

९. तुमच्या गोष्टीवर बोलणं चालू असताना

गप्प बसा. खरोखर गप्प. "त्याचं काय आहे, मला तिथं असं म्हणायचं होतं" हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळा. तुम्हाला जे म्हणायचं होतं ते कागदावर नाही, हीच तर माहिती आहे. लिहून घ्या, चार दिवस फाइल उघडू नका. तिघांनी एकाच जागी बोट ठेवलं असेल तर ती जागा बिघडलेली आहे. त्यांनी सुचवलेले उपाय बहुधा चुकीचे असतात, उपाय तुम्हालाच शोधावा लागतो. आणि एकट्यानंच बोट ठेवलं असेल तर तो एकटा कोण आहे ते बघा. माझ्या आईच्या पात्राचं बिघडलेलं शेवटी सापडलं ते अशाच एकट्या माणसामुळं. बार्शीचा म्हणाला, "तुझी आई पूर्ण गोष्टीत एकदाही बसत नाही रे." मी बघितलं, खरंच, तिला मी सोळा पानं उभीच ठेवली होती.

१०. छापायला पाठवायची असेल तर

दिवाळी अंकांसाठी जून-जुलैतच विचारणा करा, गणपतीत पाठवून उपयोग नाही. मजकूर युनिकोडमध्ये द्या. अंकवाल्यांनी तो दुसऱ्या फॉन्टमध्ये बदलला तर जोडाक्षरं फुटतात, म्हणून प्रूफ मागून घ्या. टोपणनावानं छापता येतं, पण मानधन बँकेत येणार असेल तर पॅन आणि खात्यावरचं नाव संपादकाला कळणारच. ते कुणाकुणाला कळेल, हे आधी फोनवर विचारा आणि मग मेलवर लिहून घ्या. हक्कासाठी नोंदणीची सक्ती नाही, गोष्ट लिहिली की कॉपीराइट तुमचाच. टोपणनावाच्या लेखनाला, लेखकाची ओळख उघड झाली नाही तर, तो प्रसिद्धीपासून ६० वर्षं राहतो. संपादकानं "विषय धाडसी आहे, थोडं सौम्य करा" असं कळवलं तर काय सौम्य करायचं ते ओळींसकट विचारा. पुष्कळदा उत्तर येत नाही.

गच्चीवर येणार असाल तर गोष्टीची छापील प्रत आणा, अक्षर सोळाचं ठेवा. बल्ब एकच आहे आणि आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या काकांना चारचौघांत चष्मा लावायचा नसतो. उन्हाळ्यात आठच्या आधी येऊ नका, फरशी तापलेली असते. आणि दहाच्या दोन-तीन नोटा सुट्ट्या आणा. पहिल्या दिवशी सगळेच भरतात.